घर झाडून देतांना



घर विकत घेतांना काय पाहावें, हें सांगणारे जगांत पुष्कळ भेटतात. दार पूर्वेला असावें, नळाला पाणी असावें, शेजार चांगला असावा, कागदपत्रें निर्वेध असावींत, असा उपदेश घेणाऱ्याला चारी बाजूंनीं मिळत असतो. घर देतांना काय करावें, याविषयीं मात्र कोणी कांहीं बोलत नाहीं. पैसे पोंचले, खरेदीखतावर अंगठे उमटले, कीं किल्ल्यांचा जुडगा पुढें करावा आणि मोकळें व्हावें, एवढीच सर्वसाधारण समजूत. सौदा ठरला आहे पण ताबा द्यावयाचा आहे, असे जे पंधरावीस दिवस मध्यें असतात, ते कसे जातात याची हकीकत आज मी सांगणार आहें. केरसुणी, चुना आणि रद्दी यांचा हा विषय तुम्हांला क्षुद्र वाटेल. मलाही प्रारंभीं तो तसाच वाटत होता.

आमचें घर सांगलीच्या गांवभागांत होतें. तें आजही तेथेंच उभें आहे. आमचें तेवढें राहिलें नाहीं. कृष्णेच्या कांठीं, गणपतीच्या देवळापासून थोड्या अंतरावर, एका अरुंद बोळाच्या तोंडाशीं तें आहे. आजोबांनीं तें बांधलें तेव्हां आयर्विन पूल होऊन फार वर्षें झालीं नव्हतीं. हा पूल १९२९ सालचा. भाजक्या विटा, चुन्याची जोडणी, सागवानी तुळया. खालीं सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि कोठीची खोली. वर माडी, मागें आड. वडील २०२२ सालीं गेले. मी मुंबईस, धाकटा भाऊ पुण्यास. वर्षभर घराला कुलूप होतें, आणि कुलूप लावलेलें घर राहत्या घरापेक्षां किती लौकर खचतें तें आम्हांला दर खेपेस दिसूं लागलें, तेव्हां विकावयाचें ठरलें.

घेणारें जोडपें जत तालुक्यांतलें. दोघेंही शिक्षक, लग्नाला चार वर्षें झालेलीं. जत म्हणजे आमच्या जिल्ह्याचें दुष्काळी टोंक. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणारा मुलूख. नदीकांठचें घर मिळतें आहे याचेंच त्या मुलीला अप्रूप. “आमच्याकडं पाणी बघायला मिळत नाही, काकू,” असें ती पहिल्या भेटींत हंसून म्हणाली होती. तें वाक्य पुढें मला फार जड गेलें.

साठेखत झाल्यावर आम्हां भावंडांत कामाची वांटणी झाली. भावानें कागदपत्रें घेतलीं, मी झाडलोट घेतली. भावाला ही झाडलोट मुळींच पटत नव्हती. “ताई, ते लोक आल्यावर रंग काढणारच. तूं कशाला मरतेस? केर काढ आणि कुलूप घाल,” असें तो म्हणाला. त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें होतें असें नाहीं. परंतु आमच्या आईची आजी फिरतीच्या नोकरदाराची बायको होती. तिनें आयुष्यांत अनेक बिऱ्हाडें मांडलीं आणि मोडलीं. प्रत्येक वेळीं निघतांना ती चूल सारवून ठेवी आणि शेजारीं लांकडांची एक लहानशी मोळी ठेवी. येणाऱ्या बाईला आल्याबरोबर भात टाकतां यावा. ती बाई कोण, कुठल्या गांवची, हें तिला ठाऊक नसे. ही गोष्ट आईच्या तोंडून इतक्या वेळां ऐकलेली होती कीं, नुसता केर काढून कुलूप घालणें माझ्याच्यानें होईना.

काम वरून खालीं करीत यावें, हें कोणालाही सुचेल असें वाटतें. मला सुचलें नाहीं. पहिल्या दिवशीं मीं स्वयंपाकघराची फरशी चकचकीत केली आणि दुसऱ्या दिवशीं माळ्यावरची सगळी धूळ तिच्यावर उतरली. माळ्यावर काय नव्हतें? कान नसलेल्या बरण्या, छत्र्यांच्या नुसत्या काड्या, तळ गेलेलें घंगाळ, कोणाच्या तरी मुंजींतले पाट, वडिलांनीं सालवार दोऱ्यांत ओंवलेलीं विजेचीं बिलें, आणि नव्या वस्तू ज्यांतून आल्या तीं रिकामीं खोकीं. आपण खोकीं कशासाठीं जपून ठेवतों हें मला आजवर उमगलेलें नाहीं.

येथें माझी एक खोड सांगतें. आपल्यापैकीं अनेकांना ती असेल. जें टाकवत नाहीं आणि नेववत नाहीं, तें “त्यांच्या उपयोगीं पडेल” असें म्हणून मागें ठेवावयाचें. जुनें कपाट, मोडकी खाट, रंगाचे अर्धे डबे, उरलेल्या फरशा. यांत औदार्याचा भाग थोडा. जो निर्णय आपल्याला घ्यावयाचा नाहीं तो परक्याच्या गळ्यांत टाकून निघून जावयाचें, एवढाच त्याचा अर्थ. अशा वस्तूंची यादी करून मीं त्या मुलीला दूरध्वनि केला. तिनें यादी शांतपणें ऐकून घेतली आणि फक्त पाटावरवंटा ठेवावयास सांगितला. मग क्षणभर थांबून विचारलें, “माजघरात तुळईला पाळण्याची कडी आहे, ती पक्की आहे ना?” मीं सांगितलें कीं, त्या कडीला आमच्या घरांतील तीन पिढ्या लोंबल्या आहेत. तिनें कारण सांगितलें नाहीं, मीं विचारलें नाहीं.

बाकीच्या पसाऱ्याची विल्हेवाट मी थोडक्यांत सांगतें. धड कपडे बोहारणीला गेले, वर्तमानपत्रें रद्दीवाल्याला. खाजगी कागद मात्र रद्दींत देऊं नयेत. बँकेचे उतारे, ओळखपत्रांच्या नकला, रुग्णालयाचे कागद, सह्या असलेले जुने धनादेश, हें सारें दोन संध्याकाळ बसून मीं फाडलें आणि भिजवून त्याचा लगदा केला. औषधांच्या बाटल्या निघाल्या त्यांतल्या निम्म्यांवरचीं अक्षरेंही पुसलेलीं. पाऱ्याचे दोन थर्मामीटर सांपडले, पैकीं एक फुटलेला. पारा सांडला असेल तर केरसुणी लावूं नये. त्याचे अतिसूक्ष्म थेंब होऊन ते फटींत शिरतात आणि त्याची वाफ विषारी असते. खिडक्या उघडाव्या, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनीं थेंब एकत्र आणावे आणि झांकणाच्या बाटलींत भरून ती बाटली वेगळी ठेवावी. देवांच्या तसबिरी ही एक निराळीच अडचण. सगळे म्हणाले, नदी जवळच आहे, सोडून द्या. कांचेसकट, खिळ्यांसकट, चौकटीसकट देव नदींत सोडण्याचा हा प्रकार मला पाहवत नाहीं. मीं चौकटी उकलून कांच वेगळी केली, लांकूड वेगळें केलें आणि चित्रें एका जाड वहींत घालून बरोबर नेलीं. तीं अजून माझ्या कपाटांत आहेत. म्हणजे तोही निर्णय मीं घेतलेला नाहींच.

फरशीविषयीं मात्र जरा विस्तारानें सांगतें, कारण तेथें माझी मोठी चूक होतां होतां वांचली. आमच्या सोप्यांत आणि स्वयंपाकघरांत शहाबादी फरशी आहे. तिच्यावर पुराच्या गाळाचे पिवळट डाग राहिले होते. न्हाणीसाठीं आणलेलें अॅसिड हाताशीं होतें. तें मीं एका कोपऱ्यांत थोडें ओतलें, तों तेथें फेंस येऊं लागला. मला वाटलें, डाग सुटतो आहे. वस्तुतः शहाबादी हा चुनखडीच्याच जातीचा दगड. आम्लानें डाग जात नाहीं, दगडच झिजतो. फेंस येतो तो दगडाचाच. धुवून पाहिलें तर तेवढ्या वितीची झिलई कायमची गेलेली. मोझाइकच्या लाद्यांचीही तीच कथा, कारण त्यांत सिमेंट आणि संगमरवराच्या चिपा असतात. शहाबादीला साधा साबण, कोंबट पाणी, काथ्या आणि मनगट यांखेरीज कांहीं लागत नाहीं. याहून धोक्याची गोष्ट ही कीं, न्हाणींत अॅसिड टाकल्यावर वास जावा म्हणून मी त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकणार होतें. शेजारच्या बाईंनीं हात धरला. हीं दोन एकत्र आलीं कीं क्लोरीन वायु सुटतो, आणि आमच्या न्हाणीसारख्या कोंदट जागेंत तो जिवावर बेतूं शकतो. घर सोडण्याच्या घाईंत माणसें बादलींत हातीं येईल तें ओततात, म्हणून हें सांगितलें.

आतां भिंती.

गांवभागांतील भिंतींना एक आजार असतो, त्याला आमच्याकडे लोणा म्हणतात. जमिनींतील ओल विटांमधून वर चढते, येतांना क्षार बरोबर आणते. पाणी भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जातें आणि क्षार मागें राहतात. त्यांचे स्फटिक वाढूं लागले कीं ते गिलाव्याला आंतून ढकलतात, आणि भिंत पिठासारखी झडूं लागते. पुराचें पाणी घरांत उभें राहिलें असेल तर हा आजार बळावतो. अशा भिंतीला चुनाच चांगला, कारण चुन्यांतून ओल बाहेर पडूं शकते. वरून तेलाचा किंवा प्लॅस्टिकचा रंग लावला, तर दिसण्यांत भिंत गुळगुळीत होते, परंतु ओल आंत कोंडते. पुढच्या पावसाळ्यांत रंगाला फोड येतात आणि गिलाव्यासकट खपल्या निघतात.

हें मला सांगितलें तें आमच्या रंगाऱ्यानें. माणूस कसबी. सगळें समजावून सांगितल्यावर त्यानेंच विचारलें, “मग काय करायचं, बाई? चुना मारायचा, का प्लॅस्टिक? विकायचंय म्हणून विचारतो. प्लॅस्टिक मारलं तर ह्यो पावसाळा येईपत्तोर भिंत आरशागत दिसंल.” त्याच्या आवाजांत लबाडी नव्हती. गिऱ्हाइकाला दोन्ही माल दाखवावे, तसें त्यानें दाखविलें. त्याला हा प्रश्न सवयीचा असावा.

मीं चुना सांगितला. चुनकळी आणून पिंपांत भिजत घातली. ती रात्रभर उकळत, फुगत, निवत राहिली. चुनकळीवर पाणी पडल्यावर किती उष्णता निघते हें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं मुलांना त्या पिंपाजवळ फिरकूं देऊं नये. दुसऱ्या दिवशीं फडक्यांतून गाळून, डिंकाचें पाणी आणि चिमूटभर नीळ घालून काम सुरू झालें. सोपा झाला, माजघर झालें, माडी झाली. तिसऱ्या दिवशीं दुपारीं रंगारी कोठीच्या खोलीशीं येऊन थांबला आणि म्हणाला, “बाई, हितं मास्तरांच्या खुणा हाईत. त्यांनी दरखेपंला तेवढी पट्टी सोडायला सांगितली होती. आता काय करू?”

त्या खुणा मला ठाऊक होत्या. वर्षभरांत मीं त्यांच्याकडे पाहिलें नव्हतें एवढेंच. कोठीच्या दारामागें, भिंतीच्या चार बोटें रुंदीच्या पट्टींत, वडिलांनीं शिसपेन्सिलीनें तीन आडव्या रेघा ओढून ठेवल्या होत्या. सर्वांत खालची २००५ सालची, जमिनीपासून दीड फूट. मधली २०२१ च्या जुलैची, अडीच फूट. सर्वांत वरची ऑगस्ट २०१९ ची, पांच फुटांना दोन बोटें कमी. प्रत्येक रेघेपुढें तारीख आणि बारीक अक्षरांत पाणी घरांत शिरल्याची व उतरल्याची वेळ. वडील भूगोलाचे शिक्षक. नोंद ठेवल्याशिवाय त्यांना पूरही पाहवत नसे. सांगलींत आयर्विन पुलापाशीं कृष्णेची पातळी मोजतात. तेथें ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ सालीं पाणी ५७ फुटांवर गेलें होतें. पुलावरचा आंकडा वर्तमानपत्रांत येई, त्यावरून आपल्या कोठींत किती येईल याचें गणित वडिलांनीं बसविलें होतें.

आणि आतां जें सांगावयाचें तें सोपें नाहीं. सौद्याच्या बैठकींत त्या मुलाच्या तोंडून प्रश्न आला होता, “घरात पाणी कितपत येतं?” पूर आला होता हें जिल्ह्यांत कोणाला ठाऊक नाहीं? त्याला आमच्या घरापुरतें विचारावयाचें होतें. माझ्या भावानें उत्तर दिलें, “२०१९ सालीं उंबऱ्याशीं येऊन गेलं.” उंबऱ्याशीं! त्या वेळीं आमचें धान्य, गाद्या, आईची पेटी, सगळें आठ दिवस पाण्यांत होतें, आणि वडिलांना माडीच्या खिडकींतून होडींत उतरविलें होतें. मी तेथेंच बसलें होतें. मीं चहाचे कप उचलले आणि आंत गेलें. भाऊ खोटें बोलला असें म्हणणें मला सोयीचें आहे. पण खोलींत दोघें होतों आणि खोटें एकच होतें.

मला पैसे हवे होते. मुलीच्या शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज फेडावयाचें होतें, आणि माझा वांटा त्यासाठीं मीं मनांतल्या मनांत केव्हांच खर्चून टाकला होता. रंगारी कुंचा हातांत घेऊन उभा होता. मीं त्याला म्हटलें, “मारा.”

त्यानें एकदां माझ्याकडे पाहिलें आणि कुंचा फिरविला. चुन्याची एक गंमत असते. ओला असतांना तो पाण्यासारखा असतो, खालचें सगळें दिसतें. वाळत जाईल तसा पांढरा होतो. संध्याकाळीं मी दिवा घेऊन कोठींत गेलें तेव्हां तिन्ही रेघा स्पष्ट दिसत होत्या, उलट ओलीनें अधिकच काळ्या. निजण्यापूर्वीं पुन्हां पाहिलें, तेव्हां अक्षरें गेलीं होतीं आणि रेघा तेवढ्या उरल्या होत्या. सकाळीं भिंत स्वच्छ होती. घरांतील इतर कोणत्याही भिंतीपेक्षां स्वच्छ.

त्या दिवशीं मी कांहीं काम करूं शकलें नाहीं. दुपारीं ओळखीच्या एका वकिलांकडे गेलें. विचारावयाचें होतें निराळेंच, परंतु विचारलें तें कायद्याचें. त्यांनीं मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ सालच्या कायद्याचें ५५ वें कलम काढून दाखविलें. जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाहीं, आणि सामान्य दक्षतेनें पाहूनही जो त्याच्या ध्यानांत येण्याजोगा नाहीं, तो विकणाऱ्यानें सांगितला पाहिजे. न सांगणें हें कपट ठरतें. घेणाऱ्यानें मालमत्तेसंबंधीं विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें आपल्या माहितीप्रमाणें खरीं दिलीं पाहिजेत. करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत, शहाण्या मालकानें आपल्या वस्तूची जेवढी काळजी घ्यावी तेवढी त्या घराची आणि त्याच्या कागदपत्रांची घेतली पाहिजे. विक्रीच्या दिवसापर्यंतची घरपट्टी, पाणीपट्टी विकणाऱ्यानें भरावयाची, आणि सर्व किंमत मिळाल्यावर मालकीचे मूळ कागद घेणाऱ्याच्या स्वाधीन करावयाचे. इतकें सांगून ते म्हणाले, “पुराचं म्हणाल तर दोन्ही बाजूंनी बोलतां येईल. पूर साऱ्या गावाला माहीत आहे. शेजारी चौकशी केली असती तर त्यांना कळलं असतं, असंही कोर्टात मांडतां येईल.” म्हणजे कायद्यानें मला एक खिडकी किलकिली करून दिली. वाटेंत मी तिचाच विचार करीत आलें. घरीं पोंचल्यावर पाटावरवंटा दृष्टीस पडला. तो स्वच्छ घासून, भिंतीशीं उभा करून, मींच ठेवला होता.

मीं आधीं भावाला कळविलें. तो संतापला. “सगळं गांव विकतंय ताई, कोण सांगतं? आणि तुझ्या मुलीच्या कर्जाचं काय?” असें म्हणाला, दोन्ही प्रश्न रास्त होते. मीं त्यांचें उत्तर दिलें नाहीं. मग त्या जोडप्याला बोलाविलें.

तीं येण्यापूर्वीं मीं रेघा पुन्हां ओढल्या. कोठीच्या सागवानी दाराला पाणी लागल्याची खूण राहिली होती. फळीचा रंग त्या उंचीवर बदलला होता. तेथून २०१९ ची उंची मिळाली. बाकीच्या दोन्ही वडिलांच्या रोजनिशींत होत्या. फीत धरून मीं तिन्ही रेघा जागच्या जागीं ओढल्या, तारखा घातल्या. घरांत पाणी शिरल्या-उतरल्याच्या वेळा घातल्या नाहींत. त्या वडिलांच्या हातच्या होत्या, आणि त्या मीं पुसल्या होत्या.

दोघें आलीं. मीं त्यांना सोप्यांत बसवलें नाहीं, सरळ कोठींत नेलें, दार लोटलें आणि म्हटलें, “परवां माझ्या भावानें तुम्हांला उंबऱ्याशीं म्हणून सांगितलें, तें खरें नव्हतें. मी तेथें होतें आणि बोललें नाहीं.” तो मुलगा त्या वरच्या रेघेजवळ जाऊन उभा राहिला. ती त्याच्या गळ्याशीं येत होती. तो कांहींच बोलला नाहीं. त्याचे कान मात्र लाल झाले. ती मुलगी मात्र विचारीत सुटली. पाणी आधीं कुठून येतं? किती वेळ मिळतो? किती दिवस राहतं? उतरल्यावर पहिलं काय करायचं? मला जेवढें ठाऊक होतें तेवढें मीं सांगितलें. पाणी दारांतून येत नाहीं. रस्ता कोरडा असतांना प्रथम न्हाणीच्या मोरींतून उलटें वर येतें. मोरींत बुडबुडे दिसले कीं सामान माडीवर न्यावयास लागावें. पाणी उतरतें तसा गाळ त्याच्याबरोबरच झाडून बाहेर काढावा. मागाहून तो वाळून दगड होतो. वीज आधीं बंद करावी. आडाचें पाणी उपसून शुद्ध केल्याशिवाय वापरूं नये. ती हातांतल्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेत होती.

तीं चार दिवस विचार करतों म्हणून गेलीं. ते चार दिवस मीं खिडक्यांच्या कांचा पुसण्यांत घालविले. एका घराच्या कांचा पुसावयास चार दिवस लागत नाहींत.

पांचव्या दिवशीं त्यांनीं घर घेतों म्हणून कळविलें, किंमत उतरवून. किती उतरली तो आंकडा सांगत नाहीं. एवढेंच सांगतें कीं, मुलीचें कर्ज अजून फिटतें आहे. भाऊ खरेदीखताच्या दिवशीं आला, सह्या केल्या, त्या मुलाशीं नीट बोलला, आणि माझ्याशीं दोन महिने बोलला नाहीं. आतां बोलतो. त्या विषयावर नाहीं.

ताबा देण्यापूर्वींच्या रात्रीं मीं एक शंभर पानी वही घेतली आणि घराविषयीं लिहावयास बसलें. नळाची मुख्य तोटी कोठें आहे. माडीची तिसरी पायरी पोकळ वाजते पण मोडत नाहीं. वळीव पश्चिमेकडून आला तर कोणती खिडकी आधीं लावावी. कोठीच्या कुलपाची किल्ली उलटी फिरते. विजेचा कोणता खटका कोणत्या खोलीचा. आडांत कांसव आहे आणि तें राहूं द्यावें. समोरच्या आजींना ऐकूं कमी येतें, त्या रागावत नाहींत. चार पानें होतील असें वाटलें होतें, एकवीस झालीं. उरलेलीं पानें कोरीं ठेवलीं.

सकाळीं शेवटचा केर काढला. केर असा फारसा नव्हताच. गॅसची शेगडी आम्ही आधींच नेली होती, त्यामुळें चुलीशीं मोळी ठेवण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक लहान विजेची शेगडी, एक पातेलें आणि दुधाची पिशवी ठेवली. किल्ल्या दिल्या. त्या मुलीनें वही उघडली, पहिलें पान वाचलें आणि मिटून पिशवींत ठेवली. आणखी कांहीं झालें नाहीं. मी स्टँडवर गेलें आणि दुपारची गाडी धरली.

पुढच्या वर्षीं, जुलैच्या एका संध्याकाळीं, तिचा दूरध्वनि आला. सांगलींत पाऊस लागून राहिला होता. पुलावरचा आंकडा मीही रोज पाहत होतें. माझ्या छातींत धस्स झालें. मीं विचारलें, “मोरींत आलें कां?” ती म्हणाली, “नाही काकू, पाणी लांब आहे. मी दुसऱ्याच कामासाठी फोन केला. माजघराच्या भिंतीला थोडा लोणा आलाय, पाऊस संपला की चुना द्यायचाय. वहीत तुम्ही डिंक लिहिलाय, पण नीळ किती ते लिहिलेलं नाही.” मागें कडीच्या कुरकुरण्याचा आवाज येत होता. मीं सांगितलें, बादलीला चिमूटभर. जास्त झाली तर भिंत निळी दिसते.